उष्णतेचा हिशेब : नायगावच्या रसायनशास्त्राच्या वर्गातून

रासायनिक अभिक्रियेचे संतुलित समीकरण आणि त्या अभिक्रियेत बाहेर पडणारी किंवा शोषली जाणारी उष्णता एकत्र लिहिली की त्याला उष्मारासायनिक समीकरण म्हणतात. साध्या समीकरणातून कोणता पदार्थ किती लागतो आणि त्यातून काय तयार होते एवढे कळते. उष्मारासायनिक समीकरणात त्या देवघेवीतला ऊर्जेचा जमाखर्चही मांडलेला असतो. उदाहरणार्थ :

कार्बन (स्थायू) + ऑक्सिजन (वायू) → कार्बन डायऑक्साइड (वायू); डेल्टा एच = −३९३.५ किलोज्यूल

एक मोल, म्हणजे १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळाला तर ३९३.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, असे हे समीकरण सांगते. डेल्टा एच ही एन्थाल्पीतल्या फरकाची खूण आहे. दाब कायम असताना झालेल्या अभिक्रियेत जितकी उष्णता आत किंवा बाहेर जाते तितकाच हा फरक भरतो. चिन्ह उणे असेल तर पदार्थांकडची एन्थाल्पी घटली आणि उष्णता बाहेर आली, म्हणजे अभिक्रिया उष्मादायी. चिन्ह अधिक असेल तर उष्णता बाहेरून घेतली गेली, म्हणजे अभिक्रिया उष्माग्राही.

राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्रात हा विषय चौथ्या प्रकरणात येतो. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी तो शिकवताना एक गोष्ट दरवर्षी नव्याने ध्यानात येते. विद्यार्थ्याला ३९३.५ हा आकडा पाठ असतो, पण तो किती कार्बनचा, हे विचारले की उत्तर येत नाही. वास्तविक याच वर्गातल्या मुलांना बाजाराचा हिशेब शिकवावा लागत नाही. आडतीवर सोयाबीनचा भाव कोणी नुसता आकड्यात सांगितला, तर तो क्विंटलचा आहे हे गृहीत धरूनच ऐकला जातो, आणि शंका आली तर लगेच विचारलेही जाते. भावाला माप लागते. डेल्टा एच हा भाव आहे आणि समीकरण हे त्याचे माप आहे. समीकरण पुसून नुसता आकडा ठेवला तर त्याला काहीच अर्थ उरत नाही. या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक चूक आकडा आणि समीकरण यांची अशी ताटातूट झाल्यामुळे होते.

किती मोलांचा आकडा

पहिले माप मोलांचे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळा ब्यूटेन धरला, तर समीकरण असे होते :

२ ब्यूटेन (वायू) + १३ ऑक्सिजन (वायू) → ८ कार्बन डायऑक्साइड (वायू) + १० पाणी (द्रव); डेल्टा एच = −५,७५६ किलोज्यूल

इथे ५,७५६ हा आकडा दोन मोल ब्यूटेनचा आहे. एका मोलाला २,८७८ किलोज्यूल पडतात. समीकरणाला दोनने गुणले तर आकड्यालाही दोनने गुणावे लागते आणि समीकरण निम्मे केले तर आकडाही निम्मा होतो. अपूर्णांक टाळण्यासाठी समीकरण दुप्पट लिहायचे आणि आकडा मात्र तक्त्यातला, एका मोलाचा, तसाच ठेवायचा, ही उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त सापडणारी चूक आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. ब्यूटेनचे रेणुवस्तुमान ५८ आहे. १४,२०० भागिले ५८ म्हणजे सुमारे २४५ मोल. त्यांना २,८७८ ने गुणले की सुमारे ७ लाख ५ हजार किलोज्यूल येतात. विजेचे एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, तेव्हा एका सिलिंडरमधली उष्णता साधारण १९६ युनिटांइतकी होते. घरी येणाऱ्या वीजबिलाशी हा आकडा ताडून पाहिला की ‘किलोज्यूल’ हा शब्द पुस्तकाबाहेर येतो. त्याच समीकरणातून आणखी एक गोष्ट निघते. एका मोल ब्यूटेनला साडेसहा मोल ऑक्सिजन लागतो, म्हणजे १४.२ किलो गॅस जळायला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन हवा. हवेच्या वस्तुमानात ऑक्सिजनचा वाटा सुमारे २३ टक्के आहे. त्यामुळे एक सिलिंडर संपेपर्यंत निदान २२० किलो हवा शेगडीपाशी यावी लागते. स्वयंपाकघराला खिडकी का हवी, याचे उत्तर या बेरजेत आहे.

पाणी की वाफ

दुसरे माप अवस्थेचे. हायड्रोजन जळून एक मोल पाणी द्रवरूपात तयार झाले तर २८५.८ किलोज्यूल मिळतात आणि वाफेच्या रूपात तयार झाले तर २४१.८. मधल्या ४४ किलोज्यूलचा तोटा झालेला नसतो. पाण्याला वाफ करून ठेवण्यात ते गुंतलेले असतात. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे कंसात त्याची अवस्था लिहिणे हा समीकरणाचाच भाग आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले अकरावीला इंग्रजी पुस्तक हातात घेतात, तेव्हा कंसातली ही एकेक अक्षरे त्यांना शोभेची वाटतात आणि वहीत उतरवताना गळून पडतात. ‘द्रव’, ‘वायू’, ‘स्थायू’ असे मराठीत लिहून समीकरण मोठ्याने वाचायला लावले की ती गळत नाहीत. वाफ आणि पाणी यांतला फरक कोणालाच समजावून सांगावा लागत नाही. अडचण फक्त अक्षरांची असते.

अवस्थेमुळे किती फरक पडतो हे पाहायला नायगाव तालुक्यातच कुंटूरला साखर कारखाना आहे. साखर कारखान्यात ऊस गाळून उरलेली चिपाडे, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून वाफ तयार करतात. गाळपातून निघालेल्या बगॅसमध्ये साधारण निम्मे वजन पाण्याचेच असते. एक किलो बगॅस घेतले तर त्यात अर्धा किलो तंतू आणि अर्धा किलो पाणी. तंतू सगळा सेल्युलोज धरला तर ग्रॅममागे सुमारे १७.५ किलोज्यूल, म्हणजे एकूण ८,७५० किलोज्यूल मिळतात. हा आकडा तयार होणारे पाणी द्रव राहील असे धरून आलेला आहे. बॉयलरच्या धुराड्यातून मात्र वाफच बाहेर जाते. अर्धा किलो पाणी म्हणजे २७.८ मोल. ते उडवायला मोलामागे ४४ प्रमाणे १,२२२ किलोज्यूल जातात. सेल्युलोजमधल्या हायड्रोजनपासून जळताना आणखी साडेपंधरा मोल पाणी बनते. त्याची वाफ व्हायला सुमारे ६८० किलोज्यूल लागतात. उरतात ६,८५० किलोज्यूल. प्रत्यक्ष बगॅसमध्ये सेल्युलोजबरोबर लिग्निनही असते आणि त्याची उष्णता जास्त असते. म्हणून कारखान्यात ओल्या बगॅसचे उष्मांक मूल्य किलोला सुमारे १,८०० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ७,५०० किलोज्यूल धरतात. कागदावरचा हिशेब आणि बॉयलरपाशी धरला जाणारा आकडा इतके जवळ येतात, याचे विद्यार्थ्यांना नवल वाटते, आणि ते वाटायलाच हवे.

पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत का धुमसतात, हेही यातूनच उलगडते. किलोभर पाणी उडवायला सुमारे २,४४४ किलोज्यूल लागतात. तेवढी उष्णता जळणातूनच वळती होते, ज्वाला थंड पडते आणि जळण अर्धवट राहते.

दिशा आणि चिन्ह

तिसरे माप दिशेचे. अभिक्रिया उलटी लिहिली की आकडा तोच राहतो आणि चिन्ह बदलते. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. मोलामागे १७८ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते, म्हणून चिन्ह अधिक. हीच अभिक्रिया उलट दिशेने झाली तर तेवढेच १७८ किलोज्यूल बाहेर पडतात.

कळीचा चुना पाण्यात विरवणे ही दहावीच्या पुस्तकातली ओळखीची उष्मादायी अभिक्रिया आहे :

कळीचा चुना (स्थायू) + पाणी (द्रव) → विरलेला चुना (स्थायू); डेल्टा एच = −६५.२ किलोज्यूल

दहावीत ‘भांडे गरम होते’ एवढ्यावर विषय संपतो. बारावीत किती गरम, हे काढता येते. एक किलो कळीचा चुना म्हणजे १,००० भागिले ५६, सुमारे १७.९ मोल. त्यातून १,१६४ किलोज्यूल उष्णता मिळते. तीस अंशांचे एक किलो पाणी उकळबिंदूपर्यंत न्यायला २९३ किलोज्यूल पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर किलोभर चुना जवळजवळ चार लिटर पाणी उकळीला आणू शकतो. चुना विरवताना पाणी खदखदते, शिंतोडे उडतात आणि डोळ्यांना इजा होते, ती यामुळे. चुन्यात पाणी ओतू नये, पुरेशा पाण्यात चुना थोडाथोडा टाकावा, या जुन्या सावधगिरीमागे हेच गणित आहे. साखर कारखान्यातही उसाचा रस निवळायला विरवलेला चुना वापरतात.

हेसचा नियम

प्रत्येक अभिक्रियेची उष्णता मोजता येतेच असे नाही. जिनिव्हात जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्गला काम केलेल्या जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये यावरचा मार्ग दिला. अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक टप्प्यांत, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर एकूण उष्णताही तीच असते. त्यामुळे उष्मारासायनिक समीकरणांची बेरीज-वजाबाकी करता येते.

कार्बनपासून फक्त कार्बन मोनॉक्साइड तयार होताना किती उष्णता निघते, हे थेट मोजणे अवघड आहे, कारण थोडा डायऑक्साइड तयार होतोच. पण कार्बन पूर्ण जळण्याचे ३९३.५ आणि मोनॉक्साइड जळण्याचे २८३.० हे दोन्ही आकडे मोजता येतात. मोनॉक्साइडचे समीकरण उलटे करून पहिल्यात मिळवले की उत्तर येते −११०.५ किलोज्यूल. या उत्तराला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला तर ३९३.५ पैकी फक्त ११०.५ किलोज्यूल, म्हणजे २८ टक्के उष्णता हाती येते. बाकीची विषारी वायूच्या रूपात तशीच राहते. थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे जिवावर बेतते ते या वायूमुळे. हे उदाहरण शिकवताना गणित बाजूला ठेवून दोन मिनिटे थांबणे योग्य ठरते, कारण ही माहिती परीक्षेपेक्षा घरी जास्त उपयोगाची आहे.

हेसच्या नियमाचा दुसरा वापर निर्मिती एन्थाल्पीच्या, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ तयार होतानाच्या एन्थाल्पी-फरकाच्या, तक्त्यातून होतो. उत्पादितांच्या निर्मिती एन्थाल्पींच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करायची. इथेनॉलच्या ज्वलनासाठी दोन कार्बन डायऑक्साइड, तीन पाणी आणि वजा इथेनॉल, असे मांडावे लागते : −७८७.० − ८५७.४ + २७७.६ = −१,३६६.८ किलोज्यूल. शेवटच्या पदात उण्याचे अधिक होते. घाई करणारा विद्यार्थी हमखास तिथेच चुकतो. मूलद्रव्यांची निर्मिती एन्थाल्पी शून्य धरलेली असते, म्हणून ऑक्सिजन या बेरजेत दिसत नाही.

आता मळीपासून इथेनॉल करताना होणारे किण्वन पाहता येते. एक मोल ग्लुकोज जळले तर २,८०२.५ किलोज्यूल निघतात. किण्वनात त्याच ग्लुकोजपासून दोन मोल इथेनॉल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड होतो. ते दोन मोल इथेनॉल जाळले तर २,७३३.६ किलोज्यूल मिळतात. वजाबाकी केली की किण्वनाची उष्णता येते : मोलामागे सुमारे ६९ किलोज्यूल. १८० ग्रॅम साखरेचे ९२ ग्रॅम इथेनॉल होते, वजन जवळजवळ निम्म्यावर येते, पण जळण म्हणून असलेली ऊर्जा साडेसत्त्याण्णव टक्के शिल्लक राहते. उसातल्या साखरेचे इंधन करणे उष्णतेच्या हिशेबात का परवडते, हे दोन ओळींत दिसते.

उरलेले ६९ किलोज्यूल लहान वाटतात, पण टाकीत ते साठत जातात. एका लिटर द्रावणात १५० ग्रॅम ग्लुकोज असेल आणि ते सगळे आंबले तर सुमारे ५७ किलोज्यूल बाहेर पडतात. त्याने लिटरभर पाण्याचे तापमान साडेतेरा अंशांहून जास्त वाढेल. यीस्टला साधारण ३० ते ३५ अंशांचे तापमान मानवते. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून किण्वनाच्या टाकीला सतत थंड ठेवणारी व्यवस्था लागते. त्या व्यवस्थेची गरज किती, हे ठरवण्याचा आरंभ वरच्या वजाबाकीपासून होतो.

हाच इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळला जातो. ग्रॅममागे इथेनॉलची उष्णता २९.७ किलोज्यूल आहे आणि पेट्रोलचा प्रतिनिधी धरलेल्या ऑक्टेनची ४७.९. घनता लक्षात घेऊन लिटरचा हिशेब केला तर इथेनॉलचे सुमारे २३.४ हजार आणि ऑक्टेनचे ३३.७ हजार किलोज्यूल होतात. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनात लिटरमागे ऊर्जा सुमारे सहा टक्के कमी भरते. इथे माप मोलावरून ग्रॅमवर आणि ग्रॅमवरून लिटरवर असे दोनदा बदलले, आणि प्रत्येक बदलाबरोबर आकडाही बदलला. इथेनॉल किती कमी पडतो, या प्रश्नाला माप सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

हेसचा नियम शरीरालाही लागू आहे. साखर आगीत जळो किंवा शरीरात अनेक टप्प्यांनी, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच होत असेल तर ग्रॅममागे सुमारे १६.५ किलोज्यूल, म्हणजे जवळपास चार किलोकॅलरी मिळतात. अन्नाच्या पुड्यावर छापलेला आकडा याच हिशेबाचा असतो.

बंधांचा हिशेब

तक्त्यात निर्मिती एन्थाल्पी नसेल तर बंध एन्थाल्पीवरून अंदाज काढता येतो. इथे एक समजूत मुळातून काढावी लागते. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असे पुष्कळांच्या मनात असते. प्रत्यक्षात बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती मिळते. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६ आणि क्लोरिनचा तोडायला २४२, असे ६७८ किलोज्यूल खर्च होतात. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध जुळताना प्रत्येकी ४३१ प्रमाणे ८६२ मिळतात. फरक १८४ किलोज्यूल बाहेर येतो, आणि मोजलेले मूल्य याच्या अगदी जवळ आहे. ही रीत वायुरूप पदार्थांसाठी आहे. शिवाय बहुतेक बंधांचे आकडे सरासरी असल्याने उत्तर अंदाजाचे राहते.

प्रयोगाच्या टेबलावर

कागदावरचा हिशेब पक्का झाला तरी विषय पुरा होत नाही. उदासिनीकरणाच्या उष्णतेचा प्रयोग साध्या साहित्यात होतो. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड यांची प्रत्येकी १०० मिलिलिटर द्रावणे उष्णतारोधक पेल्यात मिसळायची आणि तापमान किती वाढते ते पाहायचे. प्रत्येकात ०.१ मोल आहे. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यासाठी मोलामागे मान्य मूल्य ५७.३ किलोज्यूल आहे. म्हणजे ५.७३ किलोज्यूल उष्णता आणि सुमारे २०० ग्रॅम द्रावण. तापमान ६.८५ अंशांनी वाढायला हवे.

प्रत्यक्षात वाढ कमी दिसते. समजा ती ६.२ अंश आली. २०० गुणिले ४.१८ गुणिले ६.२ म्हणजे ५,१८३ ज्यूल, आणि मोलामागे ५१.८ किलोज्यूल. या ठिकाणी मोह होतो. पुस्तकातले उत्तर आधीच ठाऊक असते, गुण त्यावर मिळतील असे वाटते, आणि तापमानाचा रकाना मागून जुळवला जातो. असा जुळवलेला ५७.३ दिसायला सुबक असतो, पण त्यामागे प्रयोग नसतो. विद्यार्थ्याने मापलेला आकडा तसाच राहू द्यावा यासाठी शिक्षकाने आधी स्वतः त्या आकड्याचा मान ठेवावा लागतो. उत्तर कमी आले म्हणून गुण कापले, तर पुढच्या तासाला सगळ्या वह्यांत ५७.३ येणार हे उघड आहे.

५१.८ आणि ५७.३ यांतला फरक प्रत्यक्ष प्रयोगात ५५० ज्यूलचा आहे. तो पेल्याला, थर्मामीटरला, ढवळणीला आणि आजूबाजूच्या हवेला गेला. पेल्याने घेतलेला वाटा वेगळा मोजता येतो. ठरावीक तापमानाचे गरम आणि थंड पाणी त्याच पेल्यात मिसळले, आणि अपेक्षेपेक्षा तापमान किती कमी राहिले ते पाहिले, की पेल्याचा पाणी-तुल्यांक निघतो. तो २०० ग्रॅममध्ये मिळवून पुन्हा गुणाकार केला की उत्तर मान्य मूल्याकडे सरकते. द्रावणांचे सुरुवातीचे तापमान वेगवेगळे असेल तर त्यांची सरासरी घ्यावी लागते. मिसळल्यावर झाकण लगेच लावावे लागते आणि सर्वांत वरचे तापमान नोंदवावे लागते. दुपारच्या तासाला खोली तापलेली असेल आणि द्रावणे माठाशेजारी ठेवलेली असतील, तर उष्णता उलट्या दिशेनेही येऊ शकते. म्हणून खोलीचे तापमानही वहीत लिहावे.

अशा वहीत शेवटी आकड्याबरोबर चार गोष्टी असतात : किती मोल, कोणत्या अवस्थेत, कोणत्या दिशेने, आणि न दिसलेली उष्णता कुठे गेली. त्या चार गोष्टींसह लिहिलेले ५१.८ हे या प्रयोगाचे पूर्ण उत्तर आहे.